बेर्न्सडेलची पेटी

ग्लेनिसने सातवी बनियन सोड्याच्या पाण्यात दाबली आणि काठीवर दोन्ही हात टेकून जरा वेळ तशीच उभी राहिली. उजवा खांदा ठणकत होता. तीन आठवड्यांपूर्वी मर्व न्हाणीघरात घसरला, त्याला सावरायला गेलेली तीही पडली, आणि दोघे नवराबायको ओल्या फरशीवर पावणेदोन तास पडून राहिले. बेव काकड्या द्यायला आली म्हणून सुटका झाली. तेवढ्या वेळात मर्वची दोनदा झोप काढून झाली होती. तिच्या वाट्याला नुसते छत आले होते.

"किती झाले?" बेवने विचारले.

बेव म्हणजे मर्वची धाकटी बहीण. धाकटी म्हणजे सत्तरीची. ती मागच्या व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मास्क कपाळावर चढवलेला, मांडीवर रंगाच्या पुडीच्या बरण्या आणि पायाशी पेट्रोल पंपावरून आणलेल्या बर्फाच्या दोन पिशव्या. बर्फाला घाम फुटू लागला होता. फेब्रुवारीतला शनिवार होता, इकडचा ऐन उन्हाळा, सकाळचे अकरा वाजत होते आणि उत्तरेचा वारा भट्टी उघडल्यासारखा वाहत होता.

"सात बनियनी, चार सदरे, दोन पायजमे."

"सगळं सुती ना? नायलॉनबियलॉन रंग घेत नाही हं. शिवणीचा दोरा पांढराच राहील, पण त्याला आपला इलाज नाही. ते काही आपल्या हातात नसतं."

"आपल्या हातात काय आहे, बेव?"

बेवने बरणीचे झाकण उगाच उघडून परत लावले. तिला गप्प बसणे फारसे जमत नसे, पण या तीन आठवड्यांत ती ते थोडे थोडे शिकली होती.

सोमवारी अकरा वाजता मर्वला बेर्न्सडेलच्या वृद्धांच्या होममध्ये सोडायचे होते. खोली मिळाली होती. तिथून सामानाची यादी आली होती: आठवड्याचे कपडे, प्रत्येकावर नाव हवे. नाव टाकण्याला बेवचा ठाम विरोध होता, आणि त्याला कारण होते. तिचा नवरा रॉन शेवटची दोन वर्षे अशाच एका ठिकाणी होता, तिकडे मेलबर्नच्या बाजूला. एका रविवारी ती भेटायला गेली तर रॉनच्या अंगात भलत्याच माणसाचा सदरा. कॉलरवर नाव गॉर्डन. कामावरच्या नव्या मुली कॉलर वाचून त्याला गॉर्डन, गॉर्डन म्हणून घास भरवत होत्या आणि रॉन आपला प्रत्येक हाकेला मान हलवत होता. बेवने तिथेच सदरा उतरवला आणि स्वतःचे जाकीट त्याला घातले. ही गोष्ट सांगताना ती अजूनही हसायची. ऐकणाऱ्याला मात्र हसावे की काय करावे ते कळत नसे.

"नाव धुऊन जातं," ती म्हणायची. "रंग जात नाही. आणि बर्फात रंगवलेले दोन कपडे कधी सारखे होत नाहीत. अख्ख्या व्हिक्टोरियात असा दुसरा सदरा निघायचा नाही. कुणी घातला तर लांबून दिसेल."

बुधवारी हॉलमध्ये जमणाऱ्या बायकांना बेव हेच शिकवत असे. त्या स्कार्फ आणि उशांचे अभ्रे रंगवत. पुरुषाच्या बनियनी रंगवायची वेळ तिच्यावरही पहिल्यांदाच आली होती.

रंग धरावा म्हणून कपडे सोड्यात भिजताहेत तोवर ग्लेनिस तिच्या शेजारी पायरीवर टेकली. बसले की उठवत नसे, हे माहीत असूनही बसली. मर्व शेडमध्ये होता. डब्यातल्या खिळ्यांची तो लहानमोठी अशी वाटणी करत होता. रोज सकाळी करायचा आणि रोज संध्याकाळी ती सगळे खिळे पुन्हा एकत्र करून ठेवायची.

"त्याला सांगितलंस?" बेवने आवाज खाली आणून विचारले.

"नाही."

"बरं केलंस."

होमच्या बाईने फोनवर समजावले होते. आधी सांगू नका. जेवायला चाललोय म्हणा. एकदा ते जेवायला बसले की पुढचं आम्ही बघतो. ग्लेनिस 'हं' म्हणाली होती. त्याला आठ दिवस झाले होते. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात ती मर्वशी कधी खोटे बोलली नव्हती, असे मुळीच नाही. त्याचा भोके पडलेला, मासळीचा वास मुरलेला स्वेटर तिने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला होता आणि शेजारच्या कुत्र्यावर आळ घेतला होता. पण ते खोटे स्वेटराच्या मापाचे होते. हे फार मोठे होते, आणि उचलायला तिच्या अंगात त्राण उरले नव्हते.

"हा बर्फ कुणी आणला?"

मर्व शेडच्या दारात उभा होता. उंच, जरा पुढे वाकलेला, टोपी कानापर्यंत ओढलेली. त्याची नजर पिशव्यांवर होती.

"मी आणला," बेव म्हणाली. "का रे?"

"बिअरचा आहे."

"बर्फ बर्फच असतो, मर्व."

"तुझं डोकं," मर्व म्हणाला. तो जवळ आला, वाकला, पिशवी फाडून एक तुकडा त्याने बोटांत धरला. गोल, मधे भोक असलेला. "हा लोळतो. मालावर बसत नाही. मालाला हवा लागते आणि हवा लागली की गेला. कुणी शिकवलं तुला?"

"तूच कधी शिकवलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

बेव ग्लेनिसकडे बघून हसली. असे सरळ बोलणे त्याच्या तोंडून आताशा महिन्यातून एकदा निघे. मर्व नऊ वर्षे मासेमारीच्या ट्रॉलरवर होता आणि गुडघा गेल्यावर बावीस वर्षे गावच्या, लेक्सच्या धक्क्यावर मासळी बर्फात भरायच्या कामावर. धक्क्यावर त्याला सगळे हॉस्को म्हणत, हॉस्किंग आडनावावरून. हॉस्कोने भरलेली पेटी मेलबर्नपर्यंत उघडायला लागत नाही, असे तिथले ड्रायव्हर सांगायचे. आज वार कोणता, हे त्याला सांगता आले नसते.

त्याने कपड्यांच्या टोपलीतून एक जुना अभ्रा उचलला, त्यात बर्फ ओतला, तोंड पिळून धरले आणि पायरीच्या सिमेंटवर आपटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पायरी हादरत होती. ग्लेनिस उठली आणि बाजूला झाली. आपटू नकोस, पडशील, बस खाली, असे काहीतरी तिच्या ओठांवर आले होते, सवयीने. अभ्र्यातला बर्फ मिठासारखा बारीक झाला.

बेवने ओव्हनची जाळी एका टबावर ठेवून तयारी केली होती. मर्वने ती पाहिली आणि मान हलवत शेडमध्ये गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात निळी प्लॅस्टिकची पेटी होती, धक्क्यावरची, कोपऱ्यांत भोके असलेली. निवृत्त होताना त्याने अशा दोन पेट्या घरी आणल्या होत्या. एकीत ग्लेनिसने टोमॅटो लावले होते. त्याने पेटी पायरीवर ठेवली, एका बाजूखाली लाकडाची पाचर सरकवली आणि उतार बोटाने बघितला.

"पाणी तुंबलं की माल मऊ पडतो," तो म्हणाला.

"आणि रंग चिखल होतो," बेव म्हणाली. "बघ, हेच! हेच मी त्या बायकांना सांगून सांगून थकले. कपडा पाण्यात बसता कामा नये, पाणी खाली गेलं पाहिजे. एकीलाही कळत नाही."

"मासळी कधी बांधली नसेल त्यांनी."

"नाही बाबा. एकीनेही नाही."

आधी त्याने तळाला बर्फाचा थर दिला, चार बोटे जाड, तळहाताने सारखा केला. मग ग्लेनिसने पिळून ठेवलेला पहिला सदरा उचलला. बेव पुढे झाली.

"नाही, मर्व, चुरगळायचा. असा. गोळा करून टाकायचा. सुरकुत्या पडल्या तरच नक्षी उमटते."

मर्वने तिच्याकडे असे पाहिले की जणू तिने त्याला मासळी फेकून द्यायला सांगितले होते. त्याने सदरा बर्फावर पालथा ठेवला. बटणे खाली, पाठ वर. बाह्या अंगाखाली दुमडल्या, कॉलर डाव्या अंगाला. त्याच्या शेजारी दुसरा, कॉलर त्याच बाजूला. दोन्ही सदऱ्यांच्या पाठीवरून त्याने एकदा हात फिरवला.

"ग्लेन, याला सांग काहीतरी," बेव म्हणाली. "असे इस्त्री केल्यासारखे ठेवले तर काय येणार? काहीच येणार नाही."

"राहू दे."

"अगं पण..."

"राहू दे, बेव. कपडे त्याचे आहेत."

बर्फ, मग उरलेले दोन सदरे, पुन्हा बर्फ, मग बनियनी, पुन्हा बर्फ, मग पायजमे. प्रत्येक थरावर बेवने चमच्याने पूड भुरभुरली: गर्द निळा, मोरपंखी, आणि थोडा तो काळा, जो बर्फात फुटला की त्यातून जांभळा निघतो, हिरवा निघतो आणि कधीकधी काय निघेल याचा नेम नसतो. पूड नाकात जाऊ नये म्हणून तिने मर्वलाही मास्क पुढे केला. त्याने तो घेतला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला.

"वाऱ्याच्या या बाजूला उभा राहा तरी," ग्लेनिस म्हणाली आणि त्याला दंडाला धरून बाजूला घेतले.

"हे काय लावतेस?" त्याने बेवला विचारले. "बाजारात पाठवायचाय की तळायचाय?"

"तळायचाय. तुला वाढणार आहे."

"मग मिरी कमी पडली."

तिघेही हसले. ग्लेनिसला हसताना खांदा दुखला, पण ती हसली. मर्वने शेवटचा थर स्वतः दिला. कोपऱ्यात बर्फ दाबला, मधे थोडा उंच ठेवला, आणि पेटीच्या कडेवर हात ठेवून, कंबर ताठ करत सरळ झाला.

"गाडी कधीची?" त्याने विचारले.

"सोमवारी. अकराची," ग्लेनिस म्हणाली.

ते तिच्या तोंडातून सुटलेच. हातात घेतलेली किटली कुणी हाक मारल्यावर खाली ठेवावी, इतक्या सहज. बेवचा चमचा थांबला.

"मेलबर्न?"

"नाही. बेर्न्सडेल."

"बेर्न्सडेल!" मर्व खरोखर हसला. "अर्ध्या तासाच्या रस्त्याला एवढा बर्फ? वेड्या आहात तुम्ही दोघी." मग त्याने टोपी मागे सरकवली. "पेटी परत मागून घ्या बरं का. ते लोक ठेवून घेतात."

ग्लेनिस स्वयंपाकघरात गेली. पाव कापला, थंड मटण काढले, बीटाचा डबा उघडायला गेली तर झाकण फिरेना. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हात थंड पाण्याच्या नळाखाली धरले. नखांच्या कडा निळ्या झाल्या होत्या. मागोमाग बेव आली.

"तू सांगणार आहेस त्याला."

"माहीत नाही."

"सांगू नकोस. ऐक माझं. ग्लेन, सांगून काय होणार? दहा मिनिटांनी विसरेल. मग परत विचारेल, कुठं चाललोय. परत सांगशील. परत विसरेल. दर दहा मिनिटांनी तू त्याला नव्यानं सोडून येणार का?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर एकदाच सोडशील." बेवने बीटाचा डबा उचलला, झाकण फडक्यात धरून उघडले आणि तिच्यासमोर ठेवला. "रॉनला मी सांगितलं होतं. मला वाटलं, मी फार प्रामाणिक. अकरा वेळा सांगितलं त्या दिवशी. बाराव्या वेळी मी म्हटलं, जेवायला चाललोय. तो लगेच बूट घालायला बसला."

ग्लेनिसने पावावर लोणी लावले. लोणी उन्हाने पाणी पाणी झाले होते.

"उद्या येऊ नकोस," ती म्हणाली. "रागावू नकोस. उद्या आम्ही दोघंच."

बेवने तिच्या पाठीवर हात ठेवला, दुखऱ्या बाजूला नाही, दुसऱ्या, आणि सँडविच न खाताच गेली. जाताना तिने बरण्या नेल्या, पण बादली आणि सोड्याचा पुडा ठेवून गेली. सूचना दिल्याशिवाय तिला दारातून बाहेर पडता येत नसे, म्हणून गाडीत बसल्यावर काच खाली करून ओरडली, "चोवीस तास! आधी हात लावायचा नाही. आणि धुताना गार पाणी, गरम नंतर!"

पेटी रात्रभर व्हरांड्यात ठिबकत राहिली.

रविवारी दुपारी बर्फ पुरा वितळला होता. ग्लेनिसने पाण्याची नळी लावली आणि वरचे पायजमे, बनियनी बाजूला ठेवून पेटीतला पहिला सदरा बाहेर काढला. आधी सगळे गर्द, काळेनिळे दिसत होते. गार पाणी लागताच गवतावर निळे ओघळ गेले, मग मोरपंखी, मग फिके, आणि कपडा हळूहळू उघडा झाला. बेवची भीती खरी ठरली होती. चुरगळल्याची ती फुलाफुलांची नक्षी कुठेच नव्हती. पण काहीच आले नव्हते, असेही नव्हते. बर्फ पाठीवरून दोन्ही बाजूंना उतरला होता आणि रंग त्याच्यामागे गेला होता. पाठीच्या मधोमध निळी धार, तिच्यातून दोन्ही अंगांना वाकड्या हिरव्या रेषा, आणि पोटाकडे, जिथे कपडा खालच्या बर्फावर पालथा होता, तिथे जवळजवळ पांढरे. शिवणी पांढऱ्या, एकेक टाका मोजता येईल अशा. तिने दुसरा काढला. तोही तसाच, पण रेषा वेगळ्या.

मर्व खुर्ची ओढून बघत बसला होता.

"बांगडा," तो म्हणाला.

तिने सदरा वर धरून पाहिला. बांगडाच होता.

मशीनमध्ये गरम पाण्याने धुऊन तिने सगळे कपडे अंगणात खांबाभोवती फिरणाऱ्या दोरीवर वाळत घातले. हात वर करवत नव्हता, म्हणून दोरीचा खांब खाली उतरवून घेतला. उत्तरेचा वारा होताच. तेरा कपडे गोल गोल फिरू लागले. ती मर्वच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसली. सगळे काम संपले होते, आणि आता कामामागे लपायला जागा नव्हती.

"मर्व."

"हं."

"उद्या मी तुला बेर्न्सडेलला नेणार आहे. तिथं एक घर आहे, म्हाताऱ्या माणसांचं. तू तिथं राहणार आहेस. मला आता झेपत नाही. तुला उचलायला झेपत नाही, रात्री जागायला झेपत नाही. मी प्रयत्न केला."

तिने हे सगळे दोरीकडे बघत सांगितले.

"चहा आहे का?" त्याने विचारले.

तिने चहा करून आणला. त्याने कप घेतला, फुंकर घातली, अर्धा प्यायला.

"हे कुणाचे कपडे?"

"तुझे."

"कशाला धुतलेस सगळे एकदम?"

बेवने सांगितले होते ते हेच. ग्लेनिसने कप खाली ठेवला. या वेळी तिने त्याच्याकडे बघून सांगितले. तेच सगळे, तितकेच, एकही शब्द न गाळता. उद्या. बेर्न्सडेल. राहायला. मला झेपत नाही. दुसऱ्यांदा सांगताना ते सोपे जाईल असे तिला वाटले होते. तसे काही झाले नाही.

"आणि तू?" मर्वने विचारले.

"मी इथं. मी येईन भेटायला. मंगळवारी, शुक्रवारी. बेव पण येईल."

"हं," तो म्हणाला, आणि दोरीकडे बघत राहिला. एक बनियन वाऱ्याने फुगली आणि पडली. त्याच्या चेहऱ्यावरून तिला काही वाचता येत नव्हते. दहा मिनिटे झाली असतील, पंधरा झाली असतील. तो आता परत विचारणार म्हणून ती वाट बघत होती. तिसऱ्यांदा सांगण्यासाठी तिने मनात शब्द गोळा करून ठेवले होते.

त्याने विचारले नाही. तो उठला, दोरीपाशी गेला आणि कपड्यांना हात लावून बघू लागला, सुकले की नाही. सुकलेला एकेक काढून खांद्यावर टाकू लागला. तिने घाईने आत जाऊन सूटकेस आणली, कालच माळ्यावरून काढलेली, आणि व्हरांड्यात उघडून ठेवली. मर्वने सूटकेसमध्ये डोकावून पाहिले.

"यात गुदमरतो माल," तो म्हणाला.

त्याने निळी पेटी नळीखाली धरली, धुतली, अभ्र्याने कोरडी केली. मग गुडघ्यावर बसला. सदरे पालथे, बाह्या खाली दुमडलेल्या, कॉलरी एका बाजूला. बनियनींची रांग. पायजमे वर. ग्लेनिस व्हरांड्याच्या खांबाला टेकून बघत होती. गेल्या वर्षभरात तिने त्याला कुठलेच काम इतक्या सावकाश आणि न चुकता करताना पाहिले नव्हते. तिला रडू आले आणि तिने ते येऊ दिले. तो बघत नव्हता.

"पेन्सिल," मर्व म्हणाला.

"कशाला?"

"चिठ्ठी नको? चिठ्ठीवाचून पेटी कशी जाणार? तिकडं बाजारात ओट्यावर दोनशे पेट्या असतात."

चिठ्ठी तिला माहीत होती. जेवणाचा डबा द्यायला ती धक्क्यावर जायची तेव्हा वरच्या बर्फात खोचलेले पुठ्ठ्याचे तुकडे बघायची. तिने आतून पेन्सिल आणली आणि ओट्सच्या खोक्याचा एक तुकडा फाडून दिला. मर्वने तो मांडीवर ठेवला. पेन्सिलीचे टोक जिभेला लावले. एकेक अक्षर काढायला त्याला इतका वेळ लागत होता की तिला मधे बोलावेसे वाटले. स्वतःचे नाव लिहायलाही त्याला आताशा अडायला होत असे. बँकेत गेल्या महिन्यात तीच सही सांगत होती, अक्षर अक्षर करून.

त्याने पुठ्ठा पुढे धरला. वर लिहिले होते: ग्लेनिस हॉस्किंग. खाली घरचा फोन नंबर. दहाच्या दहा आकडे, बरोबर.

"माझं नाव कशाला?" ती म्हणाली. "कपडे तुझे आहेत, मर्व. तुझं नाव घाल."

"ज्यानं पाठवलं त्याचं नाव असतं," मर्व म्हणाला, बेवला बर्फाबद्दल सांगितले होते त्याच आवाजात. "मासळीचं कुठं नाव असतं? काही बिघडलं तर तिकडच्यांनी फोन कुणाला करायचा?"

मर्वने चिठ्ठी वरच्या पायजम्याच्या नाडीखाली खोचली आणि वाऱ्याने उडत नाही ना हे बघण्यासाठी जरा थांबला.

"तू घरी असशील ना?" त्याने विचारले. "फोन वाजला तर?"

"असेन."

"बागेत असलीस की तुला ऐकू येत नाही."

"दार उघडं ठेवीन."

मर्वने मान डोलावली आणि पेटीची एक बाजू उचलली. दुसरी तिने उचलली, आणि दोघे ती गाडीकडे घेऊन गेले.